माझी सही चालत नाही

"गुजरात? तिथे तर दारूबंदी आहे ना मॅडम? मग तुम्ही सोडवलंत काय?"

पुण्यातल्या त्या ऑफिसात हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मीही हसले होते. टेबलामागचे साहेब हसले, शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या, माझ्यामागे फाइल घेऊन उभे असलेले एक गृहस्थ तर मनापासून हसले. मी म्हटलं, "बंदी दुकानावर असते साहेब, पिणाऱ्यावर नसते." पुढच्या खेपेला त्या खुर्चीत दुसरे साहेब होते. त्यांनीही माझे कागद उघडले, गुजरात हा शब्द वाचला आणि मान वर करून तोच प्रश्न विचारला. तेव्हा मी हसले नाही. त्यांना ते आवडलं नसावं, कारण माझी फाइल त्यांनी बराच वेळ तशीच ठेवली.

मी बडोद्याची. आमच्या कितीतरी पिढ्या तिथेच झाल्या, घरात बोलणं मराठी, शाळा मात्र गुजराती. मानसशास्त्र शिकले, व्यसनमुक्ती समुपदेशनाचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका धर्मादाय दवाखान्यात लागले. बंदीच्या राज्यात पिणारा माणूस दोन गोष्टी लपवत असतो, एक म्हणजे पिणं आणि दुसरं म्हणजे कुठून आणतो ते. त्यामुळे त्याला बोलतं करायला जास्त वेळ लागतो. एवढाच काय तो फरक. तिथे प्लास्टिकच्या पोटलीत मिळायची, इथे चपटीत मिळते. सकाळी हात तसेच थरथरतात. "आता नाही, आईशपथ" हे वाक्यही दोन्हीकडे सारख्याच सुरात म्हटलं जातं.

नवऱ्याची बदली चाकणच्या प्लांटला झाली तेव्हा त्याला माझ्या नोकरीची काळजी वाटत होती. मलाच वाटत नव्हती. भाषा माझी, काम माझं, माणसं तर सगळीकडे तीच. रावेतला फ्लॅट घेतला, सामान लागलं आणि महिन्याभरात मी चिखलीच्या पुढे एका व्यसनमुक्ती केंद्रात कामाला जायला लागले. भोवती छोटे वर्कशॉप, पत्र्याच्या शेड, दिवसभर ग्राइंडरचा आवाज. केंद्र चालवणारे गृहस्थ तिथल्या जुन्या गावातले. शेताच्या जागी शेड उभ्या राहिल्या, त्यांचं भाडं आलं आणि त्या भाड्यावर ते स्वतः बरीच वर्षं प्यायले. मग सुटले आणि त्याच भाड्यातून हे केंद्र काढलं. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायला लागले.

"कागदं नंतर बघू ताई," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "आदी चार दिस बसा मानसांत. त्येंला तुमी चालला तर मला बी चाललात."

माणसांना मी चालले. माझ्या बोलण्यात मधूनच एखादा गुजराती हेल येतो, त्यावरून मला 'गुजराती मॅडम' म्हणायला लागले, पण समोर येऊन बसायला लागले. आमच्या कामात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नसतं, असं मी तेव्हा समजत होते.

पुढे केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. तपासणीला आलेल्या मॅडमनी कर्मचाऱ्यांचे कागद पाहिले आणि माझ्यापाशी थांबल्या. आता नवे नियम होते. प्रत्येक राज्याने समुपदेशकांची आपापली नोंदणी करायची आणि त्या नोंदणीत नाव असेल त्यालाच अहवालावर सही करता येईल. दुसऱ्या राज्यातून आलेल्याने तिथल्या नोंदणीचा दाखला आणायचा, मग इथे नाव चढेल. तोवर मी 'सहायक'. पेशंटशी बोलायला हरकत नाही, पण सही नाही.

नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बांधून ठेवून, पाणी मारून दारू सोडवणारी केंद्रं मी पाहिली आहेत. कुणीही उठावं आणि समुपदेशक म्हणून पाटी लावावी, याला आळा हवाच होता. पण माझ्यासारखी जी माणसं एका राज्यात शिकली आणि दुसऱ्या राज्यात राहायला गेली, त्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच दिसेना.

मी बडोद्याच्या मैत्रिणीकडून तिथल्या ऑफिसचा नंबर मिळवला. फोनवरचा माणूस अगदी गोड बोलत होता.

"बेन, ए तो हजी शरू ज नथी थयुं," तो म्हणाला. म्हणजे आमच्याकडे ते अजून सुरूच झालेलं नाही.

"मग तसं लिहून द्या. नोंदणी सुरू झालेली नाही, म्हणून दाखला देता येत नाही."

"जे सुरूच झालं नाही त्याबद्दल आम्ही लिहून कसं देणार बेन?"

हे मी पुण्याच्या नोंदणीच्या ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "तोंडी नाही चालत." मी म्हटलं, "लेखी ते देत नाहीत." ते म्हणाले, "मग त्यांना सांगा ना." माझ्या हातातली पाण्याची बाटली मी टेबलावर जरा जोरातच ठेवली असावी, कारण शेजारच्या बाई वळून पाहायला लागल्या.

मग दुसरा मार्ग निघाला. नोंदणीचा दाखला नसेल तर अनुभवाचा दाखला विचारात घेता येईल, असं कळलं. तो माझ्याकडे होता, पण गुजरातीत. त्याचं अधिकृत भाषांतर हवं होतं. शोधून शोधून सदाशिव पेठेत एक म्हातारे भाषांतरकार सापडले. त्यांनी काळजीपूर्वक काम केलं, शिक्का मारला. मूळ कागदावर माझ्या हुद्द्यासमोर 'सलाहकार' असं होतं. त्यांनी लिहिलं, सल्लागार.

"यात तर सल्लागार लिहिलंय," ऑफिसातले साहेब म्हणाले. "नियमात समुपदेशक आहे."

"गुजरातीत समुपदेशकालाच सलाहकार म्हणतात."

"असेल. पण सल्लागार म्हणजे कन्सल्टंट होतो मॅडम. तो वेगळा."

मी परत सदाशिव पेठेत गेले. भाषांतरकार आजोबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, शब्द आहे तसाच मला उतरवायचा असतो. सलाहकारचं सल्लागारच होतं. उद्या कुणी कोर्टात विचारलं तर मी काय सांगू?" त्यांचंही बरोबर होतं. मला त्या सगळ्या काळात चूक असलेला माणूस कुठे भेटलाच नाही. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी सापडत नव्हतं आणि ओरडणं आत साठत होतं. घरी नवऱ्यावर निघायचं. त्याने एकदा "अगं, होईल" म्हटलं, तेव्हा मी पोळीचं लाटणं खाली ठेवून आत निघून गेले होते.

हा नियम यायच्या आधीपासून माझ्याकडे एक पेशंट होता, मुळात ही गोष्ट त्याची आहे. मी लिहिते आहे हे त्याला सांगितलंय. "गावाचं नाव टाकू नका तेवढं," म्हणाला. तेव्हा नुसतं मराठवाड्यातला म्हणते. चाकणला एका कंपनीत प्रेसवर काम करायचा, चिखलीत भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. मुलगी गावाकडे आजीजवळ. सेकंड शिफ्टला पिऊन गेला आणि गेटवरच सुपरवायझरने वास ओळखून परत पाठवला. प्रेस मशीनवर असा माणूस उभा करणं म्हणजे हात जाणार, त्याचा किंवा दुसऱ्याचा. कंपनीने तसा बरा विचार केला. उपचार घ्या, समुपदेशकाचे अहवाल आणा, समाधानकारक असतील तर परत घेऊ, असं सांगितलं.

केंद्रातून बाहेर पडल्यावरही तो ठरल्या दिवशी माझ्याकडे यायचा. पहिले कितीतरी दिवस हवापाण्यावरच बोलला. शिफ्ट, रूमचं भाडं, गावाकडचा रस्ता. मी घाई केली नाही. मग एका दुपारी बाहेर ग्राइंडर अचानक थांबला आणि त्या शांततेत तो एकदम बोलायला लागला. काय बोलला ते मी लिहिणार नाही, ते त्याचं आहे. मुलीबद्दल होतं एवढंच सांगते. बायकोलाही ते ठाऊक नव्हतं. बोलून झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि म्हणाला, "मॅडम, हे मी कुणालाच बोललो नव्हतो. आता परत नका विचारू." मी म्हटलं, नाही विचारणार.

त्या दिवसापासून त्याचं पिणं खरोखर सुटायला लागलं. चेहऱ्यावरची सूज उतरली. दाढी वेळच्या वेळी व्हायला लागली.

आणि मग कंपनीने त्याचे अहवाल परत पाठवले. त्यावर तपासणीच्या आधी केलेली माझी सही होती. आधीचे माझ्याच सहीचे त्यांनी घेतले होते, पण केंद्राच्या परवान्याचे नवे कागद त्यांच्याकडे गेले आणि त्यात मी सहायक होते. मी त्याच्याबरोबर चाकणला गेले. तळेगाव चौकातल्या कंटेनरच्या रांगेत आमची बस अडकून पडली होती आणि तो सारखा म्हणत होता, "तुमी सांगा त्यान्ला मॅडम. मी सोडलो म्हणून सांगा. तुमच्यावर इस्वास ठिवतेत ते."

एचआरमधला तरुण अधिकारी उठून उभा राहिला, आम्हाला चहा मागवला. "मॅडम, मला दिसतंय ना माणूस सुधारलाय. पण उद्या मशीनवर काही झालं, तर पहिला प्रश्न हाच येणार की हा फिट आहे असं कुणी लिहून दिलं. नोंदणी असलेल्या कुणाची तरी सही आणा, मी लगेच पुढे पाठवतो."

 परतीच्या बसमधून उतरताना तो म्हणाला, "मग तुमी कोन हायत?"



आबांनी पुण्याहून एक नोंदणी असलेली समुपदेशक आठवड्यातून दोनदा यायला लावली होती, परवान्यासाठी ते भागच होतं. मुलगी हुशार होती, माझ्यापेक्षा बरीच लहान. मी तिला म्हटलं, माझ्या नोंदी वाच आणि अहवालावर सही कर. ती लाल झाली. "ताई, मी त्याच्याशी बोललेच नाहीये. न बोलता कशी सही करू? तुम्ही केली असती का?"

नसती केली. म्हणजे आता तिने त्याच्याशी पहिल्यापासून बोलणं भाग होतं. हे त्याला सांगितल्यावर तो जागेवरून उठला. "परत? त्या पोरीसमोर?" आणि निघून गेला. पुढच्या वेळी आला नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

आली ती त्याची बायको. वर्कशॉपमध्ये पॅकिंगचं काम करायची, तिथूनच सरळ आलेली, ओढणीवर पुठ्ठ्याचा भुसा.

"तुमची सही चालत न्हाई तर आमाला आधीच का न्हाई सांगितलाव?" ती दारातूनच म्हणाली. "आमी दुसरीकडं गेलो असतो. लेकराला गावाकडं ठिवून बसलाव आमी हितं. त्यो आता घरातून हलंना. कालच्याला दुकानापातूर जाऊन आला. पिला न्हाई, पर जाऊन आला."

मी तिला सांगू शकले असते की तिच्या नवऱ्याचे उपचार सुरू झाले तेव्हा माझी सही चालत होती, नियम मध्येच आला. सांगितलंही. ते बोलताना मी हुबेहूब त्या पुण्याच्या साहेबांसारखी वाटत होते. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते तुमचं तुमी बघा. आमाला काय कळतंय त्यातलं." आबा मागे उभे होते. तिला पाणी देऊन ते मला म्हणाले, "ताई, सहीचं ऱ्हाऊ द्या. त्यो दुकानापातूर गेलाय. त्ये बघा आदी."

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले. बायकोला मी बाहेर थांबायला सांगितलं. तो कॉटवर बसून होता. मी म्हटलं, "तुम्हाला परत बोलायला लावणार नाही. तुमची परवानगी असेल तर तुम्ही समोर बसा, मी त्या मॅडमना सांगते. तुम्ही हो म्हणाल तेवढंच सांगेन."

त्याने पायाच्या अंगठ्याने फरशी घासली. मग म्हणाला, "तुमी सांगा. मी बसतो. पर तिनं माझ्याकडं बघू नये."

ती बैठक मला विसरता येणार नाही. ती मुलगी टेबलाकडे बघत बसली, तो खिडकीकडे. मधे मी. दुसऱ्याचं दुःख त्याच्यासमोरच तिसऱ्याला सांगायचं, हे मी कधी केलं नव्हतं आणि कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलेलंही नव्हतं. मी सांगत गेले. एका ठिकाणी मी त्याच्याबद्दल जरा मवाळ बोलले असेन. तो एकदम वळला.

"न्हाई मॅडम. तसं न्हाई झालं. मला ठाव होतं तवाबी. तुमी मला त्यातनं सोडवायलाव."

आणि पुढचं त्याने स्वतः सांगितलं, शेवटपर्यंत, तिच्याकडे बघून. तिने लिहिणं कधीच थांबवलं होतं.  बाहेर आल्यावर ती मुलगी मागच्या नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आली आणि म्हणाली, "ताई, पुढचे काही आठवडे मी त्याच्याबरोबर बसते. मग सही करते. आत्ता नको." मला राग आला, कारण प्रत्येक आठवडा त्याच्या नोकरीतून जात होता. आणि तिच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, म्हणून जास्तच आला.

अहवाल झाला, सही झाली, शिक्का उमटला. तोवर कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. एचआरच्या अधिकाऱ्याने फोनवर खरोखर वाईट वाटल्यासारखं सांगितलं, "मॅडम, लाइन थांबवून ठेवता येत नाही हो. जागा निघाली की पहिला कॉल त्यांनाच करतो." तो कॉल अजून आलेला नाही.

त्याला काम लागलं ते आमच्या केंद्राच्या मागच्याच गल्लीत, एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मालकाने अहवाल मागितला नाही, काही विचारलंही नाही. पगार चाकणपेक्षा कमी, पण रात्रपाळी नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी नवराबायको आपल्या मुलीला गावाहून घेऊन आले. तो आजही येतो, कधी माझ्याकडे बसतो, कधी पुण्याच्या त्या समुपदेशक मुलीकडे. एकदा घसरला होता, दिवाळीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन सांगून गेला. याला मी यश म्हणते, पण हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नाही.

माझं म्हणाल तर शेवटी एक तोडगा निघाला. इथल्या मान्यताप्राप्त संस्थेचा अभ्यासक्रम पुन्हा करायचा आणि नोंदणी असलेल्या समुपदेशकाच्या देखरेखीखाली काम केल्याचा दाखला जोडायचा. त्याप्रमाणे मी शनिवार-रविवार वर्गात बसते. मला आजी म्हणायचंच बाकी ठेवलेल्या मुलांबरोबर 'व्यसन म्हणजे काय' हे वहीत उतरवून घेते. देखरेख पुण्याच्या त्या मुलीचीच. तिला माझ्याबद्दल दर महिन्याला लिहावं लागतं. तिला अवघडतं, मला तर त्याहून अवघडतं. पहिल्या महिन्यात तिने 'प्रगती समाधानकारक' असं लिहून कागद माझ्याकडे सरकवला आणि दोघीही दुसरीकडे बघत राहिलो.

परवा दुपारी आम्ही डबा खात होतो. मी ढोकळी, म्हणजे इथली वरणफळं, नेली होती, तिला आवडते. तिने खाता खाता सांगितलं की लग्न ठरलंय. मुलगा हैदराबादला असतो, चांगला आहे, तिच्या कामाबद्दल आपणहून विचारलं त्याने. मी हात धुऊन येऊन तिला जवळ घेतलं. ती हसत होती. मग चमचा हातात धरून जरा थांबली.

"ताई, माझी नोंदणी तिथे चालेल ना? आता तर दुसऱ्या राज्यांतही सगळं नीट झालंय ना?"

मी तिला म्हटलं, अजून इथे आहेस तोवरच सगळे दाखले काढून घे, प्रत्येकाच्या जास्तीच्या प्रती घे, आणि तुझ्या हुद्द्याचा शब्द सगळीकडे एकच आहे ना ते बघ. तिचा चेहरा उतरत गेला. घाबरलेल्या माणसाशी काय बोलावं हे मला येतं, इतकी वर्षं तेच करत आले. पण तोंडाशी आलं ते नवऱ्याचंच 'अगं, होईल', आणि ते मला म्हणायचं नव्हतं. शेवटी मी डब्याचं झाकण लावलं, आणि आम्ही दोघी दुपारच्या बैठकीला आत गेलो.